फिहरिस्त ते शोधयंत्र



आज रात्री घरच्या मोबाईलवर 'उस्मानपुरा' एवढा एकच शब्द लिहून पाहा. क्षणार्धात आपल्या पुऱ्यातील दवाखाने, शिकवणीवर्ग, दुकाने समोर येतील. हाच शब्द अहमदाबादेत राहणाऱ्या एखाद्या नातलगाला लिहायला सांगा. त्याला बहुधा तिकडचा उस्मानपुरा दिसेल, कारण त्या नावाची वस्ती तेथेही आहे. 'औरंगाबाद' लिहिले तर बिहारमधील त्याच नावाचा जिल्हा मध्येच डोकावतो. शिवाय २०२३ साली आपल्या शहराचे नाव अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाल्यापासून जुने कागद एका नावाखाली आणि नवे दुसऱ्या नावाखाली सापडू लागले आहेत. शब्द एक आणि उत्तरे अनेक. मग आपल्यापुढे कोणते उत्तर ठेवायचे, हे ठरवतो कोण?

हा प्रश्न संगणकाहून फार जुना आहे. हिजरी ३७७, म्हणजे इ. स. ९८७-८८ च्या सुमारास बगदादच्या इब्न अल-नदीम नावाच्या ग्रंथविक्रेत्याने 'अल-फिहरिस्त' रचला. अरबी भाषेतील जेवढे ग्रंथ ठाऊक होते, त्यांची व ग्रंथकारांची ही विषयवार यादी होय. त्यातील कित्येक ग्रंथ पुढे नष्ट झाले. ते कधीकाळी होते, एवढे तरी आज कळते ते या यादीमुळेच. आपल्या जुन्या मराठी दप्तरातला 'फेरिस्त' हा शब्द त्याच कुळातला आहे. मराठीपुरते बोलायचे तर शंकर गणेश दाते यांनी इ. स. १८०० ते १९३७ या काळात छापलेल्या मराठी पुस्तकांची सूची केली आणि पुढे ती १९५० पर्यंत आणली. अशा माणसांचे पुतळे कोणी उभारत नाही, पण त्यांच्यावाचून एकाही संशोधकाचे पान हलत नाही.

इंटरनेटवर सूचीकाराचे हे काम यंत्राकडे गेले. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात १९९० साली अॅलन एमटेज या मूळच्या बार्बाडोसच्या विद्यार्थ्याने 'आर्ची' नावाचा प्रोग्राम लिहिला. निरनिराळ्या संगणकांवरील फायलींची फक्त नावे तो गोळा करी. १९९४ च्या 'वेबक्रॉलर'ने पानांतील सगळे शब्द टिपायला सुरुवात केली आणि डिसेंबर १९९५ मध्ये आलेल्या 'अल्टाव्हिस्टा'ने तेच काम फार मोठ्या प्रमाणावर केले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले होते. मुंबईच्या राजेश जैन यांच्या 'इंडियावर्ल्ड'ने 'खोज' नावाचे देशी शोधस्थळ चालवले. तो सारा व्यवसाय १९९९ मध्ये ४९९ कोटी रुपयांना विकला गेला आणि वर्तमानपत्रे त्या आकड्याने भरून गेली. 'खोज' मात्र आज कोणाला आठवत नाही.

आता यंत्राची रीत पाहू. तुम्ही प्रश्न विचारताच ते जगभर धावत सुटते, असा अनेकांचा समज आहे. तसे होत नाही. त्याचे प्रोग्राम आधीच एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर जात पाने वाचून ठेवतात आणि पाठ्यपुस्तकाच्या शेवटी असते तशी एक अवाढव्य शब्दसूची तयार करतात. तुमचा शब्द त्या सूचीत पाहिला जातो. कोणत्या शब्दाला किती वजन द्यायचे, याचे एक सूत्र केरेन स्पार्क जोन्स या इंग्रज विदुषीने १९७२ मध्ये मांडले. जो शब्द थोड्याच कागदांत येतो, तो शोधाच्या कामी जास्त उपयोगी. 'उस्मानपुऱ्यातील शाळा' असे लिहिले तर 'शाळा' लाखो पानांवर आहे, म्हणून वजन 'उस्मानपुरा'ला मिळते.

परंतु एकच शब्द हजार पानांवर असेल तर पहिले पान कोणते? स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज व सर्गे ब्रिन यांनी याचे उत्तर काढले आणि १९९८ मध्ये 'गुगल' कंपनी स्थापन केली. स्थळाची चौकशी करताना आपण काय करतो? दहा अनोळखी लोकांच्या शिफारशीपेक्षा मोहल्ल्यातील एका मातबर, भल्या माणसाचा शब्द अधिक मानतो. त्यांनी पानांना हाच न्याय लावला. ज्या पानाकडे इतर पाने दुवा देतात ते मोठे, आणि दुवा देणारे पान स्वतः वजनदार असेल तर आणखी मोठे. मात्र ज्याची शिफारस पुष्कळ झाली तो खराच असतो असे नाही, हे लग्न जमवणाऱ्या कोणत्याही खालाजानला विचारावे.

पुढे यात पैसा आला. २००० पासून गुगल शोधशब्दांवर जाहिराती विकू लागले. शोधाच्या निकालात पक्षपात केल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये या कंपनीला सुमारे १३६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. माझ्या ओळखीच्या एका मुलाने शिष्यवृत्तीचा अर्ज शोधला, सर्वांत वरचे पान उघडले आणि 'प्रक्रिया शुल्क' म्हणून पाचशे रुपये भरले. केंद्राच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्जाला एक पैसा लागत नाही. अम्मी-अब्बांनी एवढे जरूर पाहावे: वरच्या ओळीवर 'प्रायोजित' असे बारीक अक्षरात लिहिले आहे काय, आणि सरकारी म्हणवणाऱ्या पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे काय. अलीकडे यंत्र स्वतःच परिच्छेद लिहून उत्तर देते. ते चुकते, आणि चुकताना त्याचा सूर जराही बदलत नाही. तेव्हा खालचे मूळ पान उघडावे.

मला अधिक सलते ते आपल्या लिपींचे. संगणकात प्रत्येक अक्षर म्हणजे एक क्रमांक असतो. मराठी वृत्तपत्रे प्रथम इंटरनेटवर आली तेव्हा त्यांतील बहुतेकांचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक वापरीत. डोळ्यांना 'शाळा' दिसे, यंत्राला मात्र अर्थहीन रोमन अक्षरे. उर्दूची तऱ्हा तर याहून वाईट. 'इनपेज'मध्ये सुंदर नस्तालीक जुळवायचे आणि पानाचे चित्र करून टाकायचे. चित्रात यंत्राला शब्द दिसत नसे. सर्व लिपींना स्वतंत्र क्रमांक देणारे युनिकोड १९९१ मध्येच आले होते, त्यात देवनागरीही होती आणि अरबी लिपीही. ते आपल्या छापखान्यांत व कार्यालयांत रुळायला पुढे बरीच वर्षे गेली. परिणामी त्या काळातील कितीतरी मराठी-उर्दू मजकूर सूचीत चढलाच नाही. आता चित्रातील अक्षरे ओळखणारे प्रोग्राम निघाले आहेत. देवनागरी छपाई ते बऱ्यापैकी वाचतात, नस्तालीकशी अजून अडखळतात.

मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दूचे काम कित्येक वर्षे याच शहरातून चालवले आणि १९२१ मध्ये येथूनच 'उर्दू' हे त्रैमासिक सुरू केले. आपल्या कपाटांतील जुन्या किताबा, शाळांची हजेरीबुके, अशाच स्मरणिकांचे मागील अंक यांतला किती मजकूर यंत्राच्या सूचीत आहे? सुट्टीत एखाद्या विद्यार्थ्याने आजोबांच्या शाळेचे नाव मराठी, उर्दू आणि इंग्रजी अशा तिन्ही लिपींत, शहराच्या दोन्ही नावांसह, लिहून पाहावे. जे सापडले नाही त्याची यादी वहीत करावी आणि आजोबा आहेत तोवर त्यांच्याकडूनच ती भरून घ्यावी.