गेलेल्या मुलखाचे नाव

राजघराण्यांचा इतिहास सांगावयाचा म्हटले की प्रथम वंशावळ पुढे येते, मग लढाया येतात आणि शेवटी तह येतात. आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहो तो विषय याहून थोडा निराळा आहे. राज्य जाते, मुलूख दुसऱ्याच्या हाती पडतो आणि तरीही त्या मुलखाचे नाव जुन्या घराण्याला चिकटून राहते, असे इतिहासात अनेकदा घडले आहे. अशा नावाची किंमत काय, आणि ते नाव अखेर कोणाचे, हा आमचा प्रश्न आहे. यवतमाळात तो विचारण्यास विशेष कारण आहे. वर्धा आणि पैनगंगा यांच्या मधल्या ज्या भूमीवर आपण राहतो, ती ज्या वऱ्हाडचा भाग, त्या वऱ्हाडच्या नावाने दोन राजघराणी ओळखली गेली. आणि दोन्ही वेळा नाव एकाकडे व भूमी दुसऱ्याकडे अशी स्थिती आली.

घरचे उदाहरण नीट ध्यानात यावे म्हणून आधी युरोपातले एक पाहू. दक्षिण फ्रान्समध्ये ऑरेंज नावाचे एक लहानसे गाव आहे. एके काळी ते एका छोट्या स्वतंत्र संस्थानाची राजधानी होते. १५४४ साली हे संस्थान वारसाहक्काने जर्मनीतील नासाउ घराण्यातील विल्यम या अकरा वर्षांच्या मुलाकडे आले. हाच विल्यम पुढे स्पेनच्या सत्तेविरुद्ध डच लोकांच्या बंडाचा पुढारी झाला आणि १५८४ साली मारेकऱ्याच्या गोळीने मरण पावला. त्याचा पणतू तिसरा विल्यम १६८९ मध्ये इंग्लंडच्या गादीवर बसला. तो १७०२ साली निपुत्रिक वारला, आणि १७१३ च्या उट्रेख्टच्या तहाने ऑरेंज कायमचे फ्रान्सकडे गेले. म्हणजे संस्थान गेले आणि विल्यमची थेट पुरुषशाखाही खुंटली. पण नाव गेले नाही. नासाउच्या दुसऱ्या शाखेने ते उचलले, आणि आजही नेदरलँड्सच्या गादीचा वारस ऑरेंजचा राजपुत्र किंवा राजकन्या म्हणवला जातो.

यात एक गंमत आहे. ऑरेंज गावाचे नाव रोमन काळातील आराउसिओ या नावापासून आले आहे. फळाच्या नावाशी त्याचा मुळात काहीएक संबंध नाही. फळाचे नाव आपल्याकडच्या 'नारंग' या शब्दापासून निघून इराण आणि अरबस्तान ओलांडून तिकडे पोचले. उच्चार सारखे झाले, आणि घराण्याने नारिंगी रंग आपला म्हणून धरला. गावाचे नाव घराण्याला मिळाले, घराण्याचा रंग एका राष्ट्राला मिळाला, आणि मूळ गाव मात्र फ्रान्समध्येच राहिले.

आता घरी येऊ. अठराव्या शतकात वऱ्हाडात दुहेरी अंमल होता. सुभेदारी निजामाची, आणि वसुलाचा मोठा वाटा नागपूरच्या भोसल्यांचा. भोसल्यांची स्वतःची पदवी 'सेनासाहेब सुभा' अशी होती. परंतु इंग्रज आपल्या कागदोपत्री त्यांना 'वऱ्हाडचा राजा' म्हणत. १८०३ साली अडगावची लढाई झाली, गाविलगड पडला, आणि १७ डिसेंबर रोजी देवगावच्या तहाने दुसऱ्या रघूजी भोसल्यांना वर्धेच्या पश्चिमेकडील मुलूख सोडावा लागला. तो इंग्रजांचा दोस्त म्हणून निजामाला मिळाला. यानंतर वस्तुतः 'वऱ्हाडचा राजा' या नावात काही अर्थ उरला नव्हता. तथापि इंग्रजी लिखाणात ते नाव पुढेही येत राहिले. तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये वारले, आणि पुढच्याच वर्षी डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले.

त्याच १८५३ साली वऱ्हाड निजामाच्याही हातून निसटले. हैदराबादेत इंग्रजांच्या हुकमतीखाली जी कंटिन्जंट फौज होती तिचा खर्च निजामाच्या माथी होता. तो थकला, कर्ज वाढले, आणि मे महिन्यातील तहाने वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दोआब हे प्रांत इंग्रजांच्या ताब्यात द्यावे लागले. १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मिळाले नाही. मालकी निजामाची व वहिवाट इंग्रजांची, असा हा प्रकार होता. या व्यवस्थेत आपल्या भागाचा जो जिल्हा झाला त्याला वणीवरून 'वून' म्हणत. यवतमाळ हे नाव त्याला १९०५ साली मिळाले. दरम्यान ५ नोव्हेंबर १९०२ रोजी लॉर्ड कर्झन आणि निजाम महबूब अली खान यांच्यात करार होऊन वऱ्हाड सालाना २५ लाख रुपयांवर इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने देण्यात आले. एखादे शेत मक्त्याने द्यावे तसा काळ्या कसदार जमिनीचा सगळा प्रांत मक्त्याने गेला.

पुढचे निजाम उस्मान अली खान यांनी वऱ्हाड परत मागितले. २७ मार्च १९२६ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी त्यांना कडक शब्दांत नकार कळवला. मग १९३६ साली तोड निघाली. वऱ्हाडवर निजामाचे स्वामित्व आहे हे पुन्हा मान्य झाले. इंग्रजांच्या निशाणाशेजारी निजामाचे निशाण फडकावे असे ठरले. निजामाच्या किताबात 'हैदराबाद आणि वऱ्हाड' हे शब्द आले. आणि त्यांचे थोरले पुत्र आझम जाह यांना 'प्रिन्स ऑफ बेरार', म्हणजे वऱ्हाडचे युवराज, ही पदवी मिळाली. कारभार मात्र मध्यप्रांताच्या सरकारकडेच राहिला. ज्याला जमीन द्यावयाची नाही त्याला नाव द्यावे, ही राजनीती जुनीच आहे.

या युवराजांचे लग्न १९३१ साली फ्रान्समधील नीस शहरी झाले होते. वधू दुर्रुशेहवार ही तुर्कस्तानच्या शेवटच्या खलिफाची कन्या. १९२४ मध्ये खिलाफत रद्द झाली आणि ते कुटुंब परदेशी राहू लागले. एका बाजूला राज्य गेलेले घराणे, दुसऱ्या बाजूला पुढे मुलखावाचून मुलखाचे नाव मिळवणारा वर! १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद भारतात विलीन झाले. १९५६ साली ते राज्यही नकाशावरून गेले. १९६७ मध्ये उस्मान अली खान वारले, तेव्हा वारसा युवराजांना डावलून नातवाकडे गेला. वऱ्हाडचे युवराज ना वऱ्हाडचे झाले, ना हैदराबादच्या गादीचे. १९७१ च्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांच्या पदव्यांची उरलीसुरली सरकारी मान्यताही संपली.

या सगळ्या कागदांत एक गोष्ट आमच्या मनाला लागते. १८०३, १८५३, १९०२, १९३६: चार वेळा या भूमीचा सौदा झाला, आणि चारही वेळा इथे नांगर धरणाऱ्याला कोणी काही विचारले नाही. पंचवीस लाखांचा आकडा तहात आहे. ते ज्याच्या शेतातून निघाले त्याचे नाव तहात नाही. डच लोकांचे तसे नव्हते. परकी सत्तेविरुद्धच्या लढ्यात ऑरेंजचे नाव त्यांच्या बाजूला उभे राहिले, म्हणून मुलूख गेल्यावरही त्या नावाला आधार उरला. 'प्रिन्स ऑफ बेरार' या नावामागे वऱ्हाडातला कोणी उभा नव्हता.

याच काळात वणीत १८८० साली जन्मलेल्या आणि यवतमाळात वकिली करणाऱ्या एका गृहस्थालाही एक पदवी मिळाली होती. माधव श्रीहरी अणे यांना लोक 'लोकनायक' म्हणू लागले. ही पदवी कोणत्या करारात नाही, तिच्याबरोबर निशाण नाही की तोफांची सलामी नाही. १९३० च्या जुलैत पुसदच्या राखीव जंगलात गवत कापून त्यांनी सरकारचा कायदा मोडला आणि कैद पत्करली. जंगल सरकारचे की भोवतालच्या गावांचे, हा प्रश्न त्या एका गवताच्या पेंढीने उघडपणे विचारला. आज प्रिन्स ऑफ बेरार कोण, हे मुलांना समजावून सांगावे लागते. बापूजी अणे यांना मात्र जिल्हा अजून 'लोकनायक' म्हणूनच ओळखतो.

आणि वऱ्हाड हे नाव? ते राजांच्या किताबातून गळाले, सरकारी नकाशांतूनही गेले, पण बाजाराच्या दिवशी आपल्या गावात कोणी चार शब्द बोलला की ऐकणारा लगेच म्हणतो, "हा वऱ्हाडी माणूस." एवढ्या तहांनंतर ते नाव ज्यांचे होते त्यांच्याकडेच परत आले आहे.