हैतीने चुकवलेली किंमत

वसाहतींच्या स्वातंत्र्याचा इतिहास आपण बहुधा लढाईतल्या विजयापाशी थांबवतो. हैतीचा इतिहास तिथे थांबवता येत नाही. कॅरिबियन समुद्रातल्या या फ्रेंच वसाहतीत उसाच्या आणि कॉफीच्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांनी ऑगस्ट १७९१ मध्ये उठाव केला. त्यांचा नेता तूसाँ लूव्हर्त्यूर १८०३ मध्ये फ्रान्सच्या कैदेत वारला. पण त्याच वर्षी नोव्हेंबरात वेर्तिएर येथे नेपोलियनचे सैन्य हरले आणि १ जानेवारी १८०४ रोजी देसालीनने स्वातंत्र्य जाहीर केले.

फ्रान्सने मान्यता दिली ती १८२५ मध्ये. तीही युद्धनौका पाठवून, १५ कोटी फ्रँकच्या अटीवर. ही भरपाई मळेवाल्यांच्या बुडालेल्या मालमत्तेची होती, आणि त्या मालमत्तेत माणसेही मोजलेली होती. पहिल्या हप्त्यासाठी हैतीला पॅरिसमध्येच कर्ज काढावे लागले. १८३८ मध्ये एकूण रक्कम ९ कोटींवर आली, तरी या व्यवहारातून वाढत गेलेल्या कर्जांची फेड १९४७ पर्यंत चालली. ज्यांनी लढून स्वतःला सोडवले, त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी आपल्या आजा-पणज्यांची किंमत आधी जुन्या धन्यांना आणि मग सावकारांना चुकवली. हैतीच्या मुक्तीची तारीख सांगताना म्हणूनच १८०४ च्या शेजारी १९४७ ही लिहावे लागते.