काकिनाड्याचे व्यापारी आणि प्रेरणेचे मानसशास्त्र

माणूस ध्येय का धरतो, याचे उत्तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मानसशास्त्र मुख्यतः व्यक्तीच्या मनातच शोधत होते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी ‘संपादन-प्रेरणा’, म्हणजे आपले काम उत्कृष्टतेच्या कसोटीला उतरावे ही ओढ, मोजण्यासाठी लोकांना संदिग्ध चित्रे दाखवून त्यांवर गोष्टी लिहून घेतल्या, आणि 1961 च्या ‘द अचीव्हिंग सोसायटी’ या ग्रंथात तिचा संबंध राष्ट्रांच्या आर्थिक वाढीशी जोडला.

ही ओढ प्रौढ माणसांत रुजवता येते का, याची परीक्षा 1964 च्या सुमारास आंध्रातील काकिनाडा या बंदराच्या गावी झाली. तेथील व्यापारी व लघुउद्योजकांना हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत सुमारे दहा दिवस एकत्र ठेवण्यात आले. खुंटीवर कडी टाकण्याच्या खेळात उभे राहण्याचे अंतर ज्याचे त्याने ठरवायचे होते. अगदी जवळून टाकण्यात समाधान नाही आणि फार दुरून टाकणे म्हणजे दैवावर हवाला, हे अनुभवातून उमगल्यावर प्रत्येकाने स्वतःच्या धंद्याची ध्येये आखली. मॅक्लेलंड व डेव्हिड विंटर यांनी 1969 मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार पुढील काळात हे उद्योजक प्रशिक्षण न घेतलेल्यांहून अधिक सक्रिय ठरले. मात्र हा परिणाम ठळकपणे दिसला तो ज्यांच्या हाती पेढीचा कारभार होता त्यांच्यात. या प्रयोगाचे खरे मोल येथेच आहे, कारण जेथे पेढी कुटुंबाची असते आणि शेवटचा शब्द वडीलधाऱ्यांचा असतो, तेथे जागी झालेली प्रेरणाही निर्णयाच्या अधिकारावाचून अडून राहते.

भारतीय मानसशास्त्रज्ञ उदय पारीक यांनी 1968 मध्ये प्रेरणा आणि विकास यांच्या नात्याचा विचार पुढे नेला. इतरांच्या किंवा समूहाच्या उपयोगी पडण्याच्या ओढीला त्यांनी ‘विस्तार-प्रेरणा’ म्हटले आणि विकासाचे सूत्र मांडताना संपादन व विस्तार या प्रेरणांचा गुणाकार करून त्यातून परावलंबनाची प्रेरणा वजा केली. गुणाकाराची निवड अर्थपूर्ण आहे, कारण त्यात एक घटक शून्य झाला की दुसरा कितीही मोठा असला तरी हाती काही उरत नाही. परावलंबनाची सरसकट वजाबाकी मात्र तितकी पटण्याजोगी नाही. पाटण्याचे जय बी. पी. सिन्हा यांनी 1980 मध्ये ग्रंथरूपाने वर्णिलेला ‘पोषक-कार्यनिष्ठ’ नेता हाताखालच्या माणसांच्या अवलंबून राहण्याच्या सवयीपासूनच आरंभ करतो: तो जिव्हाळा देतो, पण कामाच्या बदल्यात, आणि माणूस कामात मुरत जाईल तसतसे आपले मार्गदर्शन आवरते घेतो.