इतोंची पिवळी पिओनी

आजचा विषय फुलाचा आहे, आणि ते फूल आपल्या अंगणातलं नाही. पुण्यात, नागपुरात, अगदी महाबळेश्वरातसुद्धा पिओनी फुलणार नाही, कारण तिला कित्येक आठवडे कडाक्याची थंडी लागते. पण तुमच्यापैकी ज्यांची मुलं न्यू जर्सीत किंवा टोरंटोत आहेत, त्यांनी मे-जूनमध्ये तिथल्या अंगणात ताटलीएवढं फूल पाहिलं असेल आणि हा कुठला गुलाब म्हणून विचारलं असेल. तिथल्या रोपवाटिकेत सगळ्यात भाव खाणारी पिओनी म्हणजे 'इतो'. रोपाबरोबर मिळणाऱ्या चिठ्ठीत साधारण असं असतं: डोळे दोन इंचांहून खोल पुरू नका, थंडी लागली की खोडं चार-सहा इंच ठेवून छाटा, गड्डा फोडायचा तर करवत घ्या. ही चिठ्ठी मला इतिहासाचा कागद वाटते. तिच्यातली एकेक ओळ कुणाकडून आली, तेवढंच आज सांगायचं आहे.

चीनमध्ये पिओनी दोन. एक शाओयाओ. ही मऊ खोडाची, हिवाळ्यात जमिनीसरशी वाळून जाते आणि वसंतात गड्ड्यातून पुन्हा वर येते. दुसरी मूदान, म्हणजे लाकडी खोडाचं झुडूप. तिचं पान गळतं, खोड उभं राहतं. लोयांग शहर मूदानसाठी एवढं गाजलेलं होतं, की ओउयांग शिऊ या विद्वानाने 1034 च्या सुमारास तिथल्या मूदानांवर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. दोन्ही झाडं शेजारी शेजारी, एकाच बागेत, शतकानुशतकं राहिली. पण त्यांचं लग्न काही कुणाला लावता आलं नाही.

आणि बागेतल्या शाओयाओंत दाट पिवळा रंग नव्हता. पांढरा, गुलाबी, लाल, काय हवं ते होतं. पिवळा म्हणून जे विकलं जायचं ते खरं तर सायीच्या रंगाचं. पिवळा आला तो झुडपांच्या बाजूने. देलाव्हे नावाचे एक फ्रेंच मिशनरी युन्नानच्या डोंगरांत धर्मप्रचाराबरोबर झाडंही गोळा करत आणि वाळवून पॅरिसच्या संग्रहालयाला पाठवत. त्यांनी पाठवलेल्या पिवळ्या पिओनीचं शास्त्रीय वर्णन फ्रांशे यांनी 1886 मध्ये प्रसिद्ध केलं. मग फ्रान्समध्ये तिचा मूदानशी संकर सुरू झाला. पॅरिसला लुई आंरी, नान्सीला लमुआन कुटुंब. लमुआनांनी 1935 मध्ये बाजारात आणलेल्या एका पिवळ्या जातीला 'अ‍ॅलिस हार्डिंग' हे नाव दिलं. अ‍ॅलिस हार्डिंग या अमेरिकन बाई, 1917 साली त्यांनी पिओनीवर पुस्तक लिहिलं होतं. जात सुंदर, पण फूल भरगच्च, देठाला पेलवेना. फुलं खाली मान घालून पानांआड लपायची. ही खोड लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

इकडे अमेरिकेत प्रोफेसर साँडर्स. हॅमिल्टन कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे आणि उरलेल्या वेळात पिओनीचे संकर करायचे. घराणंच तसं, त्यांचे भाऊ चार्ल्स यांनी कॅनडाला 'मार्क्विस' गहू दिला. साँडर्सांनी जगभरच्या रानटी जाती मागवल्या, आणि त्यांत एक आपली होती! काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडात उगवणारी पांढरी हिमालयी पिओनी, जिचं मूळ युनानी औषधांत ऊदसलीब म्हणून वापरतात. तिच्यापासून झालेली त्यांची 'व्हाइट इनोसन्स' 1947 ची. मात्र तिचे आईबाप दोन्ही मऊ खोडाचे. मऊ खोड आणि लाकडी खोड यांमधली भिंत तशीच होती.

ती पडली 1948 मध्ये, तोक्योत. साल ऐकून क्षणभर थांबा. युद्ध संपून तीन वर्षं झालेली, शहर जळालेलं, अमेरिकी सैन्याचा ताबा, अन्नाची टंचाई. अशात तोइची इतो नावाचा माणूस फुलांचा संकर करत बसला होता. त्यांनी आई म्हणून घेतली 'काकोदेन' ही पांढरी, मऊ खोडाची पिओनी, आणि पराग घेतला 'अ‍ॅलिस हार्डिंग'चा. हे काम कसं असतं, तर कळी उमलायच्या आधीच उघडायची, तिचे पुंकेसर चिमट्याने काढून टाकायचे, दुसऱ्याचा पराग कुक्षीवर लावायचा, वर पिशवी बांधायची, आणि पुढच्या फुलाकडे वळायचं. असे सुमारे 1,200 संकर त्यांनी केले असं बागकामाच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं. हाती आली जेमतेम काही डझन रोपं, आणि त्यांतही बापाच्या वळणाची पानं असलेली, म्हणजे ज्यांच्यात संकर खरोखर जमला अशी, फार थोडी.

पिओनीचं बी घाई करत नाही. आधी ऊब मिळाल्यावर मूळ फुटतं, मग एक हिवाळा सोसल्यावर कोंब वर येतो. त्यानंतर फूल धरायला आणखी काही वर्षं. इतो 1956 मध्ये वारले. त्यांच्या रोपांपैकी एकाचंही फूल त्यांनी पाहिलं नाही. पिवळं येईल, हा त्यांचा हिशोब होता. तो बरोबर ठरला, पण ते कळलं दुसऱ्यांना. रोपं जगवली त्यांचे सहकारी ओशिदा यांनी, आणि 1960 च्या दशकात ती फुलली. पुढे स्मिर्नॉव नावाच्या अमेरिकन रोपविक्रेत्याने इतोंच्या पत्नीकडून त्यांतली काही रोपं मिळवली आणि 1974 मध्ये चार जातींची नोंद झाली: 'येलो क्राउन', 'येलो ड्रीम', 'येलो एम्परर', 'येलो हेवन'.

आज या सगळ्या गटाला इतो म्हणतात, आणि ते योग्यच आहे. पण मला नेहमी वाटतं, चिठ्ठीवर ओशिदांचंही नाव हवं होतं. संकर करणं हे एका मोसमाचं काम. कधी फुलतील याची खात्री नसलेली, दुसऱ्या माणसाची रोपं वर्षानुवर्षं निंदायची, पाणी द्यायचं, हे अवघड. आपल्याकडच्या इतिहासातही जतन करणाऱ्यांची नावं अशीच गळतात.

आता चिठ्ठीकडे या. डोळे, म्हणजे उसाच्या कांडीला असतात तसेच, दोन इंचांहून खोल नकोत, ही आईकडची अट आहे. मऊ खोडाची पिओनी खोल गेली की पानं भरपूर देते, फूल देत नाही. छाटणीची ओळ दोघांच्या भांडणातून आलेली. आई जमिनीसरशी वाळते, बाप वाळत नाही. लेकरू वरून वाळतं, पण बुडाशी थोडं लाकूड धरतं आणि त्या लाकडावरही पुढच्या वर्षीचे डोळे असतात. म्हणून आईसारखं सपाट कापलं तर ते डोळे जातात, आणि बापासारखं सगळंच ठेवलं तर मेलेल्या काड्यांत बुरशी हिवाळा काढते. चार-सहा इंच ठेवायचे ते यासाठी. करवतही बापामुळेच, गड्डा लाकडासारखा टणक होतो. आणि बापाची ती मान खाली घालायची खोड? ती आईच्या खोडांनी बरीचशी घालवली. इतो पिओनीला सहसा काठीचा आधार लागत नाही.

एक गोष्ट मात्र दोघांनीही दिली नाही, ती म्हणजे बी. यांच्यात गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, म्हणून ती जवळजवळ निर्बीज. विस्कॉन्सिनच्या रॉजर अँडरसन यांची 'बार्टझेला' 1986 मध्ये नोंदली गेली. आज जगात जिथे जिथे ती आहे, ती त्या एका रोपाचाच तुकडा आहे. सुरुवातीला एकेका तुकड्याची किंमत ऐकून लोक हबकायचे. पुढे प्रयोगशाळेत ऊतीसंवर्धनाने रोपं व्हायला लागली, तशी ती सामान्य माणसाच्या आवाक्यात आली.

तर मुलांना फोनवर सांगायचंच असेल तर एवढं सांगा. सप्टेंबर-ऑक्टोबरात लावा, जमीन गोठायच्या आत मुळं धरू द्या. तुकड्याला तीन ते पाच डोळे असावेत. दिवसाला सहा तास ऊन, पाणी साचणारी जागा नको, नत्राचं खत हात राखून. पाणी बुंध्याशी द्या, पानांवर नको. कळ्यांवर मुंग्या येतील, त्या गोड रसासाठी येतात. त्यांच्यावाचून कळी उमलत नाही ही समजूत चुकीची, म्हणून त्यांना मारूही नका आणि आणूही नका. पहिल्या वर्षी फूल आलं नाही तर उकरून बघू नका. आलं तरी त्यावरून जातीची पारख करू नका. पाकळ्या कमी असतात, रंग वेगळा दिसतो. खरं फूल तिसऱ्या वर्षी. प्रश्न असतील तर घेऊ या.