श्वासाला हात न लावता

1975चा पावसाळा आहे. पुण्यात मॉडेल कॉलनीतल्या एका नव्या इमारतीच्या पायऱ्यांवर तुम्ही भिजलेल्या चपला काढताय. रमामणी अय्यंगार स्मारक योग संस्था याच जानेवारीत सुरू झाली आहे. योगाची आठ अंगं म्हणून इमारतीला आठ खांब. भिंतीतून लोंबणारे दोर, कोपऱ्यात लाकडी विटा, पट्टे, घड्या घालून रचलेली ब्लँकेटं. तुमचं वय एकोणीस. पतंजलींची प्रार्थना होते आणि लगेच त्रिकोणासन सुरू होतं. हात खाली टेकला की आसन झालं, असा तुमचा समज. तेवढ्यात मागून शिक्षकांचा आवाज येतो, "वाटी वर खेच. मागच्या टाचेची बाहेरची कड सुटली बघ. दाब."

टाचेला बाहेरची कड असते, हे तुम्हाला त्या क्षणी कळतं. पोटरीतून, मांडीच्या मागून, कंबरेपर्यंत काहीतरी एका ओळीत लागतं आणि बरगड्या आपोआप उघडतात.

वर्गातून फिरणाऱ्या दाट भुवयांच्या त्या माणसाचं शरीर लहानपणी कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. बेळ्ळूरला 1918 साली, इन्फ्लुएंझाच्या साथीत बी. के. एस. अय्यंगार यांचा जन्म झाला. मलेरिया, विषमज्वर, क्षय सगळं होऊन गेलं. म्हैसूरला मेहुणे कृष्णमाचार्य यांच्याकडे योग शिकून 1937 साली ते पुण्याला आले ते सहा महिन्यांच्या बोलीवर. थोडंफार इंग्रजी येत होतं, म्हणून त्यांची निवड झाली. मराठीचा गंध नव्हता. ते सहा महिने अजून संपलेले नाहीत, आणि तुम्ही त्यांच्याच सभागृहात टाच दाबून उभ्या आहात.

आता वर्षं भराभर मागे पडू द्या. आसनं पक्की होतात, तुम्ही शिकवू लागता. प्राणायाम मात्र इथे कुणी घाईने हातात देत नाही. आधी पाठीखाली आधार घेऊन आडवं पडून उज्जायी. मग कधीतरी बसून, हनुवटी छातीकडे नेऊन, जालंधर बंध लावून. श्वास लांबवायचा, बारीक करायचा, आत थांबवायचा आणि सोडताना घशावर ओरखडा उमटू द्यायचा नाही. हे अंगात मुरायला वर्षं जातात. मुरतं तेव्हा श्वास तुमच्या आज्ञेत असतो. त्याचा तुम्हाला अभिमान आहे, आणि तो मला रास्तच वाटतो. इतक्या कष्टाने मिळवलेली गोष्ट फुकाची नसते.

1994. पुण्याहून नाशिक, तिथून एसटीने घोटीवरून इगतपुरी. डोंगर ढगात गेलेले, बाजारात चिखल. 'धम्मगिरी' या विपश्यना केंद्राच्या कचेरीत वही, पेन, पुस्तक सगळं जमा करायचं. दहा दिवस मौन. फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात तुम्ही 'योगशिक्षिका' लिहिता आणि समोरच्या सेविका नम्रपणे सांगतात, "ताई, शिबिर संपेपर्यंत आसन-प्राणायाम बंद ठेवायचं हं."

तुम्ही मान डोलावता. अर्थ कळायचा असतो अजून.

पहाटे चारला घंटा. साडेचारला धम्मकक्षात शेकडो माणसं आपापल्या चौकोनी गादीवर. ध्वनिफितीवरचा विपश्यना आचार्य गोएंकाजींचा खर्जातला आवाज सांगतो की श्वास येतोय, जातोय, फक्त जाणा. नाकपुड्यांशी, वरच्या ओठावर. आनापान. एवढंच? तुम्हाला हसू येतं. तुमचा श्वास तर कधीपासूनच संथ आणि लांब झालाय, हनुवटी खाली आलीय, घशात उज्जायीची ती ओळखीची बारीक घासणी चालू आहे.

दुपारी सहायक आचार्यांसमोर तुम्ही हे जरा कौतुकानेच सांगता. त्या ऐकून घेतात. "छान. पण तो तुम्ही घेताय. आपोआप येणारा कुठला?"

यानंतरचे दोन दिवस तुमच्या आयुष्यातल्या सर्वांत अवघड दिवसांपैकी आहेत. श्वासाकडे लक्ष गेलं की तो लांबतो. लांबतोय हे कळलं की तुम्ही त्याला सोडू बघता, म्हणजे पुन्हा हात लावता. शेजारच्या गादीवरच्या आजी, ज्यांनी जन्मात योगाचा वर्ग पाहिला नसेल, शांत बसल्या आहेत. पाच वाजता चहा आणि चुरमुरे मिळतात. पाऊस पत्र्यावर वाजतोय आणि तुम्ही चुरमुरे चघळत विचार करताय, की इतकी वर्षं आपण केलं ते काय होतं?

इथेच थांबा. हा प्रश्न तुमच्या एकटीचा नाही. त्याच्या मागे मागे जाऊ.

1955, रंगून. एकतीस वर्षांचा मारवाडी व्यापारी सत्यनारायण गोएंका सयाजी ऊ बा खिन यांच्या केंद्रात आलाय. ऊ बा खिन स्वतंत्र बर्माचे पहिले महालेखापाल. ऑफिसात हिशेब तपासायचे आणि ध्यान शिकवायचे. गोएंकांना अर्धशिशी इतकी जबर, की डॉक्टर मॉर्फीन टोचत. आता त्याचंच व्यसन लागेल ही भीती. परदेशांतले दवाखाने करून झालेत. ऊ बा खिन पहिल्या भेटीत त्यांना साफ नाही म्हणतात. डोकेदुखीच्या इलाजासाठी ही विद्या नाही. काहीतरी हवं म्हणून आलेला माणूस श्वासाकडूनही काहीतरी मागणार, हे त्यांना पुरतं ठाऊक आहे. चौदा वर्षांनी हाच व्यापारी मुंबईच्या एका धर्मशाळेत भारतातलं पहिलं शिबिर घेईल.

अजून मागे. जवळजवळ अडीच हजार वर्षं. निरंजनेच्या काठी उरुवेला. एक तरुण दातांवर दात रोवून, जीभ टाळूला चिकटवून बसलाय. काखांतून घाम ओघळतोय. आधी तो तोंडाने आणि नाकाने श्वास कोंडतो. कानांतून वारा असा घोंघावत बाहेर पडतो जसा लोहाराच्या भात्यातून. मग तो कानही बंद करतो. डोकं फुटायची वेळ येते, पोट कापल्यासारखं होतं, अंगाचा भडका उडतो. मज्झिम निकायातल्या महासच्चक सुत्तात बुद्ध हे सगळं स्वतःच्या तोंडाने सांगतात. तुम्ही ज्याला कुंभक म्हणता, त्याच्या टोकापर्यंत सिद्धार्थ गेला होता. आळार कालाम, उद्दक रामपुत्त यांच्याकडचं ध्यान त्याने आधीच पुरतं शिकून घेतलं होतं. श्वास कोंडून हाती काही लागत नाही असं दिसल्यावर त्याला जांभळीखालची एक दुपार आठवते. वडील कामात होते, आणि तो लहान मुलगा सावलीत नुसताच बसला होता.

योग आणि बौद्ध ध्यान शेवटी एकच, असं फार सहज म्हटलं जातं. मला ते पटत नाही. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा ही चौकडी पतंजलींकडेही आहे आणि बौद्धांकडेही; देवाणघेवाण झालीच. पण पतंजली प्राणायाम सांगतात तो श्वासाच्या गतीला आवर घालण्याचा. आनापानात लांब श्वास लांब आहे, आखूड श्वास आखूड आहे, इतकंच जाणायचं. भांडण खरं आहे आणि ते श्वासावरूनच आहे. त्यावर पांघरूण घातलं तर दोन्हींचं नुकसान होतं.

परत इगतपुरी. चौथा दिवस. आता तासभर हात, पाय न हलवता, डोळे न उघडता बसायचं, अधिष्ठान. चाळिसाव्या मिनिटाला उजवा गुडघा पेटतो. टाचेची कड, मांडीचं हाड, कुठे काय सरकवलं की हे थांबेल, हे तुम्हाला नेमकं माहीत आहे. तुम्ही ते करत नाही. आणि त्या जळणाऱ्या गुडघ्याकडे बघता बघता कधीतरी लक्षात येतं की गेली काही मिनिटं श्वास आखूड, वेडावाकडा, मध्येच अडखळत चालला होता. कुणी घेतलेला नव्हता तो. शेजारच्या आजींना जे पहिल्या सकाळी जमलं, ते तुम्हाला असं चोरपावलांनी जमतं. पाठ मात्र तासभर ताठ राहिली, ती त्रिकोणासनाच्या जोरावर. हेही विसरू नका.

सप्टेंबर 2013 मध्ये गोएंकाजी गेले, पुढच्या ऑगस्टमध्ये पुण्यात अय्यंगार गुरुजी. अकरा महिन्यांत तुमचे दोन्ही गुरू.

आणि आज कोथरूडमधल्या तुमच्या वर्गात एक मुलगी इगतपुरीहून थेट आलीय. चेहरा उजळलेला, आवाजात ठामपणा. "मॅडम, प्राणायाम सोडून देतेय मी. श्वासाला हात लावायचाच कशाला?"

"शवासनात पहिली दहा मिनिटं आपण काय करतो?"

"काहीच नाही."

"मग ती दहा मिनिटं तुझी. पुढचा पाऊण तास माझ्याकडे शिक. एक करताना दुसरं मध्ये आणायचं नाही, एवढं सांभाळ."

तिला पटलेलं दिसत नाही. तुम्ही वाद घालत नाही. भिंतीवरचं वेळापत्रक दाखवता: गुरुवार, सकाळी सहा, रिकाम्या पोटी.