गोळी कुणाला लागू पडते?

मनमाडमध्ये ‘सगळं अंग ठणकतंय’ ही तक्रार नवी नाही. धान्याच्या गोदामात पोती वाहणारा हमाल ती करतो. कित्येक दिवसांनी नळाला पाणी आल्यावर घरातली पिंपं भरणारी बाईही करते. रिपोर्ट दोघांचेही नॉर्मल येतात. पण त्याचं दुखणं ‘कामाचं’ ठरतं आणि तिचं ‘मनाचं’.

या दुखण्याच्या एका प्रकाराला आज फायब्रोमायल्जिया म्हणतात. १९०४ साली लंडनच्या विल्यम गॉवर्स यांनी त्याला ‘फायब्रोसायटिस’ म्हटलं होतं. ‘आयटिस’ म्हणजे दाह. तो दाह कधी सापडलाच नाही, तरी नाव सत्तरेक वर्षं टिकलं. १९९० मध्ये अमेरिकेत निकष ठरले: अंगावरच्या १८ ठरावीक जागा साधारण ४ किलो जोरानं दाबायच्या, ११ ठिकाणी दुखलं तर निदान पक्कं. असा दाब बायकांना सहसा जास्त दुखतो, म्हणून पुरुष या गाळणीतून निसटले. २०१० च्या निकषांतून ही दाबादाबी गेली आणि झोप, थकवा, विसरभोळेपणा मोजला जाऊ लागला.

आपल्याकडे १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूनं पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला घरोघरी जाऊन दुखणी नोंदवली. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना सांध्यांचा किंवा स्नायूंचा त्रास होता. औषधांना मंजुरी मिळवून देणाऱ्या चाचण्या मात्र मुख्यतः अमेरिकेत झाल्या, त्याही बहुतांशी गोऱ्या स्त्रियांवर.

तिथे २००७ मध्ये प्रीगाबालिन, २००८ मध्ये ड्युलोक्सेटिन आणि २००९ मध्ये मिल्नासिप्रान मंजूर झालं. जवळपास त्याच पुराव्यांवर युरोपच्या नियामकानं तिन्हींना नकार दिला. कारण सरासरी फायदा लहान होता. प्रीगाबालिनचंच बघा. खोट्या गोळीच्या तुलनेत शंभरांत साधारण दहाच जास्त लोकांचं दुखणं निम्म्यावर आलं.

आम्ही सॉफ्टवेअरवाले सरासरी रिस्पॉन्स टाइमवर विश्वास ठेवत नाही, कारण कुणाचं पान झटकन उघडतं आणि कुणाचं उघडतच नाही, हे त्या आकड्यात दिसत नाही. इथेही तसंच आहे. प्रीगाबालिन मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, त्यामुळे मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो. सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तात ड्युलोक्सेटिन सुमारे एक तृतीयांश कमी राहतं. काहींच्या यकृतातलं एक एन्झाइम जन्मतःच मंद असतं. त्यांच्या अंगात अमिट्रिप्टिलिन साचतं, तोंड कोरडं पडतं आणि दिवसभर गुंगी राहते.

आणखी एक गोष्ट. ड्युलोक्सेटिन हे मुळात नैराश्यावरचं औषध. पण चाचण्यांमध्ये नैराश्य नसलेल्यांचंही दुखणं त्यानं कमी झालं. म्हणजे चिठ्ठीवर ‘डिप्रेशनची गोळी’ दिसली, म्हणून आजार मनाचा ठरत नाही.

२०१७ च्या युरोपीय मार्गदर्शनात ठाम शिफारस फक्त व्यायामाला मिळाली. औषध निवडायचं ते माणूस बघून: झोप लागत नाही की दुखणंच असह्य आहे?

म्हणून घरातल्या कुणाला गोळीनं फरक पडला नाही, तर ‘तुझंच काहीतरी’ म्हणू नका. गोळी मनानं बंदही करू नका. झोप, तंबाखू, मधुमेह, मूत्रपिंडाचे रिपोर्ट, चालू असलेली इतर औषधं, सगळं एका कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या. पिंपं भरायला रोज कोण वाकतं, तेही त्यात लिहा.