जुने यंत्र आणि नवा सुरुंग

शिवणयंत्र जुने झाले म्हणजे ते विकून नवे घ्यावे, की तेलपाणी करून आणखी दहा वर्षे चालवावे, हा प्रश्न पुष्कळ घरांत पडतो. आणि त्यांत चूक झाली तरी चार पैशांपलीकडे कोणाचे काही जात नाही. पण ज्या यंत्राच्या आवाजावर विश्वासून माणूस पुढचे पाऊल टाकतो, त्या यंत्राविषयी हाच प्रश्न उभा राहिला म्हणजे त्याचे स्वरूप पालटते. जमिनीत पुरलेला सुरुंग हुडकणारे धातुशोधक यंत्र या जातीचे आहे. ते जुने केव्हा झाले असे मानावे आणि त्याच्या जागी नवे केव्हा आणावे, याचा निवाडा गेल्या ऐंशी वर्षांत अनेक सैन्यांना करावा लागला. त्या निवाड्यांची हकीकत सांगण्याचे आम्ही येथे योजले आहे. विषय परका वाटेल. परंतु खडकीच्या सफरमैना पलटणीचा आणि मराठा पायदळाचा त्याच्याशी निकट संबंध आला आहे, हे पुढे दिसून येईल.

या यंत्राची जन्मकथा रणांगणावरची नाही, रुग्णशय्येजवळची आहे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात गोळ्या झाडण्यात आल्या. एक गोळी शरीरातच राहिली. क्ष-किरणांचा शोध लागण्यास अद्याप चौदा वर्षे अवकाश होता. तेव्हा टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी एक युक्ती काढली. तारेची दोन वेटोळी अशी मांडावयाची की एकातून वाहणाऱ्या प्रवाहाचा परिणाम दुसऱ्यात शून्य व्हावा. जवळ धातू आला की हा तोल बिघडतो आणि कानाला लावलेल्या टेलिफोनमध्ये आवाज उमटतो. यादवी युद्धात गोळ्या लागलेल्या जुन्या सैनिकांवर बेल यांनी यंत्र तपासून पाहिले, ते बरोबर चालले. अध्यक्षांवर मात्र ते फसले. खाटेवरच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या. त्यांचा आवाज यंत्र देत राहिले. शिवाय गोळी उजव्या बाजूसच आहे असा डॉक्टर ब्लिस यांचा आग्रह असल्यामुळे शोध त्याच बाजूला झाला. १९ सप्टेंबरला अध्यक्षांचे निधन झाले. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूस मिळाली. यंत्र निरुपयोगी ठरले अशी त्या वेळी समजूत झाली. वस्तुतः त्याने सांगितले ते खरेच होते. कोठे ऐकावयाचे हे ठरविणाऱ्याची चूक झाली होती. ही गोष्ट आम्ही मुद्दाम आधी सांगून ठेवीत आहो, कारण पुढील सर्व इतिहासात ती निरनिराळ्या वेषांत पुन्हा भेटते.

मधल्या साठ वर्षांत या यंत्राचा थोडाफार विकास झाला. गेऱ्हार्ड फिशर यांना अमेरिकेत १९३७ साली त्याचे पेटंट मिळाले. परंतु त्याची खरी निकड निर्माण केली ती दुसऱ्या महायुद्धाने.

त्या युद्धाच्या आरंभी सुरुंग कसे काढीत, याचे उदाहरण आमच्या खडकीनेच दिले आहे. मुंबई सफरमैनांच्या २१ व्या फील्ड कंपनीतील सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंह भगत हे १९४१ च्या जानेवारीअखेर सुदान-अबिसीनियाच्या सरहद्दीवर, माघार घेणाऱ्या इटालियन फौजेचा पाठलाग करणाऱ्या तुकडीच्या अग्रभागी होते. चार दिवस, पंचावन्न मैल आणि पंधरा सुरुंगक्षेत्रे, असा तो हिशेब आहे. दोनदा त्यांची गाडी सुरुंगावर उडाली, बरोबरची माणसे गेली, एका स्फोटात त्यांच्या कानाचा पडदा फाटला. विश्रांती घ्या म्हटले तर, आता या कामाची मलाच अधिक माहिती झाली आहे, सबब मीच ते पुरे करतो, असे त्यांनी कळविले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या युद्धात तो मिळविणारे ते पहिले भारतीय. पुढे ज्या यंत्राने नाव गाजविले ते तेव्हा जन्मासही आले नव्हते. डोळे, हात आणि धीर एवढेच भांडवल होते. ज्या माणसाला असे पंचावन्न मैल जावे लागते, त्याच्यापुढे नवे यंत्र घ्यावे की न घ्यावे याचा ऊहापोह करण्याचे कोणाला धैर्य व्हावे?

ते यंत्र आले स्कॉटलंडमधून, पण घडविले एका पोलिश अधिकाऱ्याने. देश जर्मनांच्या टाचेखाली गेलेला, स्वतः परमुलखात, अशा स्थितीत लेफ्टनंट युझेफ कोसात्स्की यांनी १९४१ च्या सुमारास आपला सुरुंगशोधक सिद्ध केला. तत्त्व बेल यांचेच: दोन वेटोळ्यांचा तोल. परंतु सारा सरंजाम चौदा किलोंच्या आत आणि एका माणसाने चालविण्याजोगा. कोसात्स्की यांनी त्याचे पेटंट घेतले नाही. ब्रिटिश सैन्याला ते फुकट दिले. राजाकडून आभाराचे पत्र आले, एवढाच मोबदला. पोलंडमध्ये राहिलेल्या कुटुंबाला धोका होऊ नये म्हणून त्यांचे नावही दीर्घकाळ गुप्त राहिले. त्याच काळात पोलिश निर्वासितांची हजारो बायकामुले कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत दिवस काढीत होती, हे येथे सहज आठवले.

२३ ऑक्टोबर १९४२ च्या रात्री अल अलामीनची लढाई सुरू झाली तेव्हा रोमेलच्या फळीपुढे पाच लाखांच्या आसपास सुरुंग पेरलेले होते. या लढाईसाठी पाचशे पोलिश यंत्रे पाठविली गेली. यंत्रामुळे सुरुंग काढण्याचा वेग दुप्पट, म्हणजे ताशी शंभर चौरस मीटरांवरून दोनशेवर गेला, असे सामान्यतः सांगण्यात येते. हे खरे मानले तरी त्या रात्रीची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. यंत्र चालविणाऱ्याला उभे राहावे लागे. तोफांच्या गडगडाटात कानातली बारीक शीळ ऐकावी लागे. कित्येक यंत्रे ऐन वेळी बिघडली. तेथे सॅपर पोटावर आडवे झाले, हातात संगीन घेतली आणि वाळू टोचीत पुढे सरकले. म्हणजे नवे यंत्र आल्या रात्रीच जुन्या विद्येची गरज पडली.

यावरून नव्या यंत्राला नावे ठेवणारे तेव्हाही निघाले असतील. आम्हांला ते मत ग्राह्य वाटत नाही. जेथे यंत्र चालले तेथे रणगाड्यांची वाट लवकर मोकळी झाली, आणि वाट मोकळी होण्यास लागणारा प्रत्येक तास माणसांच्या प्राणांनी मोजला जात होता.

परंतु शत्रूही स्वस्थ बसत नाही. सुरुंग शोधणारे यंत्र धातू ऐकते, हे कळताच जर्मनांनी सुरुंगातून धातूच काढून टाकण्याचा सपाटा लावला. लाकडी पेटीत दोनशे ग्रॅम स्फोटक ठेवलेला ‘शू-माइन’ १९४२ चा; पुढच्याच वर्षी काचेचा सुरुंग निघाला. धातू उरला तो चापापुरता, चिमूटभर. १९४३ ते १९४५ या काळात इटलीत लढणाऱ्या भारतीय डिव्हिजनांची गाठ या पेट्यांशी पडली, आणि अलामीनला नवेकोरे असलेले यंत्र दोनच वर्षांत म्हातारे झाले. ते झिजले नव्हते, बिघडलेही नव्हते. समोरचा सुरुंग बदलला होता. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीवर मराठा पायदळाचे शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन खोल पाणी ओलांडले, उभा चढ चढले आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून त्याला पलीकडे नेले. मग दुसऱ्यासाठी पुन्हा त्याच वाटेने आले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या पट्ट्यात यंत्र फिरविण्यास कोणाला सवड नव्हती, आणि सवड असती तरी त्याने किती सांगितले असते याची शंकाच आहे.

एवढे होऊनही ब्रिटिश सैन्याने पोलिश यंत्र टाकले नाही. सुधारून सुधारून त्याची ‘मार्क ४ सी’ ही आवृत्ती १९९५ पर्यंत वापरात राहिली. अर्धशतकाहून अधिक काळ एकाच घराण्याचे यंत्र! हा निव्वळ चिक्कूपणा, असा शेरा मारणे सोपे आहे. पण त्यामागचा विचार सर्वस्वी चुकीचा नव्हता. रणगाडाविरोधी सुरुंग पुष्कळसे अजून पोलादीच होते. यंत्राची ओळख जुन्या हवालदारापासून नव्या शिपायापर्यंत सर्वांना होती. दुरुस्ती छावणीतच होई. ज्याचा आवाज कानाला सवयीचा आहे, त्याच्यावर माणूस अधिक विसंबतो. नेमका हाच त्यातला धोकाही आहे, कारण सवयीच्या यंत्राचे मौन हे सुरक्षिततेचे लक्षण वाटू लागते.

दुसरा प्रश्न मातीचा. आपल्या कोकणातला जांभा दगड लोहाने भरलेला, आणि देशावरची काळी जमीन बसाल्टापासून झालेली, तिच्यात चुंबकीय कण असतात. अशा जमिनीवर साधे यंत्र धरले तर सुरुंग नसतानाही ते ओरडते. कंबोडियात तसलीच जांभ्याची माती आहे. आवाज बंद व्हावा म्हणून यंत्राची तीव्रता उतरवावी तर प्लॅस्टिकच्या सुरुंगातला चिमूटभर धातूही हातचा जातो. येथे नव्या यंत्रांनी खरी करामत केली. क्षणभर विजेचा ठोका द्यावयाचा, तो तोडावयाचा, आणि नंतर धातूतला प्रवाह किती वेळाने विझतो ते ऐकावयाचे, अशी ही पद्धत आहे. मातीचा प्रतिसाद निराळ्या रीतीने विझतो, धातूचा निराळ्या. त्यावरून एक वजा करून दुसरा ऐकता येतो. ज्याला जांभ्यावर काम करावयाचे आहे त्याने जुने यंत्र बाळगून बसू नये, असे आम्ही निःशंकपणे म्हणू.

मात्र यंत्र तीव्र झाले म्हणजे ते खिळाही ऐकते, काडतुसाची टोपीही ऐकते. कंबोडियात १९९२ ते १९९८ या काळात सुमारे वीस कोटी वस्तू उकरून काढल्या गेल्या. त्यांत सुरुंग आणि इतर स्फोटक वस्तू भरल्या जेमतेम पाच लाख. उरलेला सारा भंगार. प्रत्येक आवाजापाशी माणूस ओणवा होतो, सळईने तिरपे टोचतो, बोटांनी माती बाजूला सारतो. आणि चारशे वेळा भंगार निघाले की हात नकळत सैल पडतो. स्फोटकाचा वास ओळखणारे कुत्रे आणि टांझानियात शिकवून तयार केलेले मोठे उंदीर या कामी का लावले, हे आता कळेल. त्यांना खिळ्याचे कौतुक नाही.

अमेरिकन सैन्यातली हकीकत आम्हांला सर्वांत बोधक वाटते. तेथे १९९१ पासून एक ऑस्ट्रियन बनावटीचे यंत्र वापरात होते. कमी धातूच्या सुरुंगांपुढे ते हटकून कमी पडे, म्हणून त्यालाच दोष दिला जाई. परंतु तेच यंत्र हाती घेऊन इतरांहून कितीतरी अधिक सुरुंग काढणारा एक अनुभवी माणूस आढळला. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील जेम्स स्टाझेव्स्की यांनी तो वेटोळे कसा फिरवितो, आवाजाच्या कडा कशा टिपतो, त्या कडांवरून वस्तूचा आकार मनात कसा रेखाटतो, याचा बारकाईने अभ्यास केला आणि ती रीत साध्या शिपायांना शिकविली. यंत्र तेच राहिले; सापडणाऱ्या सुरुंगांचे प्रमाण झपाट्याने वाढले. आता यावरून जुनेच यंत्र पुरे होते असा निष्कर्ष काढाल तर फसाल. त्या सैन्याने पुढे, २००६ च्या सुमारास, जमिनीत रडारच्या लहरी सोडणारे नवे जोडयंत्र घेतलेच. पण त्याच्याबरोबर तीच शिकवणही नेली.

कायद्याने मात्र या गुंत्यात एक गमतीदार वाट काढली. १९९६ साली सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय करारान्वये माणसाविरुद्ध वापरावयाच्या सुरुंगात निदान आठ ग्रॅम लोखंडाइतका प्रतिसाद देणारा धातू असावा असे ठरले. भारताने १९९९ मध्ये त्याला मान्यता दिली. शोधणाऱ्याचे यंत्र सुरुंगाच्या मागे धावण्याऐवजी सुरुंगानेच यंत्राला ऐकू येईल असे बोलावे, असा हा उलटा न्याय. पूर्वीच्या पन्नास वर्षांत पुरून ठेवलेल्यांना तो लागू होत नाही, हे सांगणे नलगे.

फॉकलंड बेटांवर तेच झाले. १९८२ च्या युद्धात अर्जेंटिनाच्या फौजेने तेथे प्लॅस्टिकचे सुरुंग पेरले. युद्धानंतर ब्रिटिश सॅपरांनी काम सुरू केले, माणसे जायबंदी झाली, आणि काम थांबवून तारांची कुंपणे घालण्यात आली. सव्वीस वर्षे ती कुंपणे तशीच राहिली. आत पेंग्विन पक्षी बिनधास्त नांदत. त्यांच्या वजनाने सुरुंग उडत नसत. २००९ मध्ये पुन्हा काम सुरू झाले. तोवर यंत्रे कितीतरी सुधारली होती, आणि ती चालविणारी माणसे बहुतेक झिंबाब्वेची होती, स्वतःच्या देशात हीच विद्या शिकलेली. बहुतेक शेते त्यांनी मोकळी केली. परंतु यॉर्क बे येथील वाळूच्या टेकड्यांनी सर्वांना हरविले. वाऱ्याने वाळू हलली होती, सुरुंग कोठल्या कोठे आणि खोल गेले होते. तेथे जुने यंत्र उपयोगी नव्हते तसे नवेही नव्हते. शेवटी चिलखती खोदयंत्रे आणली, टेकडीची वाळू उपसली आणि चाळून काढली. नोव्हेंबर २०२० मध्ये उरलेले शेवटचे सुरुंग उडविण्यात आले, आणि अडतीस वर्षांनी गावकरी त्या पुळणीवर धावत उतरले.